झांजा, हार्प आणि हॅन्डेल

वाद्यवृंद-संचालक सर टॉमस बीचम यांच्या १९५९ सालच्या 'मसाया'त 'हालेलुया' हे समूहगान रंगात येते आणि झांजा खणाणतात. हॅन्डेलने तिथे झांजा लिहिलेल्या नाहीत. त्रिकोण नाही, हार्प नाही, ट्रॉम्बोनही नाहीत. आरसीए कंपनीच्या त्या तबकड्यांवर मात्र हे सगळे आहे, आणि मोठ्या दिमाखात आहे. साठाहून अधिक वर्षे पाश्चात्त्य संगीताचे रसिक या ध्वनिमुद्रणावरून भांडत आले आहेत. कुणाला ही हॅन्डेलची विटंबना वाटते. कुणाला वाटते की 'मसाया' वाजावा तर असाच. आणि झांजांकडे काणाडोळा करून केवळ टेनर जॉन व्हिकर्सच्या गाण्यासाठी पुन्हा पुन्हा याच तबकड्या काढणारेही पुष्कळ आहेत.

वाद समजून घ्यायचा तर आधी कृतीची थोडी ओळख हवी. 'मसाया' हा ऑरेटोरिओ आहे. ऑरेटोरिओ म्हणजे बहुधा धार्मिक विषयावरचे दीर्घ गायन. त्यात एकल गायक असतात, गायकसमूह असतो, वाद्यवृंद असतो. वेशभूषा, नेपथ्य, अभिनय नसतो. हॅन्डेलने 'मसाया' २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१ या चोवीस दिवसांत लिहिला. शब्द चार्ल्स जेनन्सने बायबलमधून वेचून दिलेले होते. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये फिशँबल स्ट्रीटवरच्या नव्या संगीतगृहात झाला. जास्त माणसे मावावीत म्हणून स्त्रियांनी झग्याखालची कडी न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लटकावता यावे, अशी विनंती आयोजकांनी आधी छापली होती. उत्पन्न गेले ते कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी.

हॅन्डेलच्या हयातीत हे संगीत कसे वाजत होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा हिशेबात सापडतो. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी १७५० पासून 'मसाया'चे प्रयोग होऊ लागले. १७५४ च्या प्रयोगात कुणाकुणाला पैसे दिले त्याची यादी टिकली आहे. १४ व्हायोलिन, ६ व्हायोला, ३ चेलो, २ डबल बेस, ४ ओबो, ४ बसून, २ ट्रम्पेट, २ हॉर्न आणि टिंपनी, म्हणजे आपले नगारे. समूहात १९ गायक, त्यांतली सहा चॅपल रॉयलची मुले. शिवाय पाच एकल गायक. सगळी मिळून साठेक माणसे.

या यादीत एक गंमत आहे, आणि दोन्ही पक्ष तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. 'मसाया'च्या स्वरलिपीत हॉर्नसाठी एक ओळही नाही. मग ते दोघे पैसे घेऊन काय वाजवत होते? बहुधा ट्रम्पेटच्या ओळी खालच्या सप्तकात. ओबो आणि बसूनही डब्लिनसाठी लिहिलेल्या मूळ स्वरलिपीत नव्हते, ते लंडनमध्ये आले. लिहिले नसेल ते वाजवू नये हा नियम स्वतः हॅन्डेलने पाळलेला नाही. गायक बदलला की तो गाणेही बदलत असे. १७५० मध्ये गाएतानो ग्वादान्यी हा इटालियन कास्त्रातो हाताशी आला, तेव्हा आधी बासने गायचे एक गीत हॅन्डेलने त्याच्या आवाजासाठी जवळजवळ नव्याने लिहिले. त्यामुळे 'मूळ मसाया' म्हणून बोट दाखवावे अशी एकच एक प्रत नाही. डब्लिनची आहे, लंडनची आहे, फाउंडलिंगची आहे, आणि प्रत्येकीचे वकील आहेत.

हॅन्डेल १४ एप्रिल १७५९ रोजी गेला. त्यानंतर 'मसाया' फुगत गेला. १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याच्या स्मरणार्थ पाचशेहून अधिक गायक-वादक जमवले गेले. १७८९ मध्ये व्हिएन्नात बॅरन फान स्वीटनच्या सांगण्यावरून मोझार्टने त्यात बासऱ्या, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनची भर घातली. पुढे १८५७ पासून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅन्डेल महोत्सव भरू लागले, तिथे गायकांची संख्या हजारांत गेली. १८८८ च्या महोत्सवातले 'इस्राएल इन ईजिप्ट' एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर टिपले गेले आहे. त्यात चार हजार गळ्यांचा तो समूह दूरच्या समुद्रासारखा घुमतो, शब्द कळत नाहीत. या अवाढव्यपणाला कंटाळून बर्नार्ड शॉने १८९१ मध्येच लिहिले होते की वीसच कसलेले गायक घेऊन नीट तालीम केलेला 'मसाया' कुणी का करत नाही? शॉचे म्हणणे पाऊणशे वर्षे वाऱ्यावर गेले. १९०२ मध्ये एबनेझर प्राउटने जी स्वरलिपी तयार केली, तिने जुन्या चुका काढल्या, पण जादा वाद्यांची सोय कायम ठेवली. इंग्लंडमधल्या गिरणगावांचे मोठमोठे गायकसंघ हीच प्रत हातात धरून दर नाताळाला 'मसाया' गात. हडर्सफील्डचा संघ त्यांतला सर्वांत नावाजलेला.

बीचम या परंपरेत वाढले, पण तिचे भाविक कधीच नव्हते. गोळ्या-औषधांच्या कारखान्याच्या पैशावर त्यांनी ऑपेरा उभा केला, १९३२ मध्ये लंडन फिलहार्मोनिक आणि १९४६ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक असे दोन वाद्यवृंद काढले. 'मसाया' त्यांनी तीनदा ध्वनिमुद्रित केला: १९२७, १९४७ आणि १९५९. पहिल्या वेळी त्यांनी समूहगानांची लय चपळ ठेवली, त्या काळच्या कानांना ती धक्का देणारी होती. दुसरे ध्वनिमुद्रणही बेताचे आहे. जो माणूस चाळिशीत आणि साठीत या संगीतावरची चरबी उतरवत होता, त्यानेच ऐंशीव्या वर्षी त्याला सर्वांत जड पोशाख चढवला. बीचमवर टीका करणाऱ्यांना हे कोडे सुटत नाही. त्यांचे वकील त्याचे उत्तर म्हातारपणाची मौज म्हणून देतात. मला ते पुरेसे वाटत नाही.

कारण बीचम यांनी आपली बाजू स्वतः मांडली होती. त्यांचे म्हणणे असे की आजचा श्रोता मोठ्या सभागृहात मोठा वाद्यवृंद ऐकायला सरावलेला आहे. हॅन्डेलला त्या श्रोत्यापर्यंत न्यायचे तर त्याच्या वाद्यमेळाची नव्याने मांडणी करावी लागेल. नाहीतर त्याचे बहुतेक संगीत कपाटात पडून राहील, आणि आरामखुर्चीत पेंगणारे शुद्धतावादी तेवढे खूश होतील. टोमणा सोडला तरी मुद्दा उरतो. बीचम हॅन्डेलच्या विस्मृतीत गेलेल्या ऑपेरांमधले तुकडे उचलून त्यांचे बॅले आणि सुइट करत आलेले होते. त्यांच्या लेखी हॅन्डेल हा जिवंत नाटकवाला होता, संग्रहालयातली वस्तू नव्हता.

१९५९ हे हॅन्डेलच्या मृत्यूचे द्विशताब्दी वर्ष. नवी मांडणी करण्याचे काम बीचम यांनी युजीन गूसन्स यांना दिले. गूसन्स तरुणपणी बीचम यांच्या हाताखाली तयार झालेले, पुढे सिडनी सिम्फनीचे प्रमुख संचालक झालेले. १९५६ मध्ये सिडनीच्या विमानतळावर त्यांच्या सामानात बंदी असलेली छायाचित्रे सापडली, दंड झाला, पद गेले आणि ते इंग्लंडला परतले. जुन्या गुरूने दिलेले हे काम त्या पडत्या काळातले. छापील स्वरलिपीत गूसन्स यांचा हात किती आणि इतरांचा किती, यावर पुढे वाद झाला. मुंबईच्या चित्रपटसंगीताशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी जे वाद्यमेळ लिहिले, ते रेकॉर्डवर संगीतकाराच्या नावाने गेले. चाल कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असते, भरणा कुणाचा हे शोधावे लागते.

आता भांडण. शुद्धतावादी पक्षाचा आक्षेप साधा आहे: हॅन्डेलच्या काळच्या बरोक संगीताचा पोत पातळ आणि पारदर्शक असतो, बीचम यांनी त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला वाद्यवृंद चढवला आणि आतल्या ओळी बुजवून टाकल्या. प्रतिपक्ष म्हणतो की मोझार्टने केले ते चालते, मग गूसन्सने केले तर बिघडले कुठे? या प्रश्नाला शुद्धतावाद्यांकडे चांगले उत्तर नाही. मोझार्टची प्रत आजही मोठ्या आदराने वाजवली जाते, तिची चांगली ध्वनिमुद्रणे आहेत. मोझार्टला सूट आणि गूसन्सला शिक्षा, हा न्याय प्रतिभेच्या वजनावर ठरवलेला आहे. तसे असायला हरकत नाही, पण मग 'मूळ स्वरलिपीशी निष्ठा' हे कारण पुढे करू नये.

माझ्या मते या वादात चुकीच्या मुद्द्यावर फार वेळ गेला आहे. बीचम यांना असे करण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न कोर्टात शोभतो. कानाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या भरण्याने काय मिळाले आणि काय गमावले?

गमावलेले मोठे आहे, आणि ते शुद्धतेच्या यादीत सहसा नसते. हॅन्डेलचा हात 'मसाया'त आश्चर्य वाटावे इतका आखडता आहे. पन्नासहून अधिक लहानमोठ्या भागांपैकी बहुतेक केवळ तंतुवाद्यांवर आणि कीबोर्डच्या साथीवर चालतात. ट्रम्पेट पहिल्यांदा येतात ते देवदूतांच्या स्तुतिगानात, तेही दूरून आणि हळू वाजवावेत अशा सूचनेसह, नगाऱ्यांशिवाय. त्यानंतर ते गप्प होतात. येशूच्या यातनांचा दीर्घ पट्टा ट्रम्पेटविना जातो. मग दुसऱ्या भागाच्या शेवटी 'हालेलुया'त ट्रम्पेट आणि नगारे एकत्र येतात. नगारे त्याआधी श्रोत्याने ऐकलेलेच नसतात. दीडएक तास साठवलेले हे नाणे हॅन्डेल तिथे खर्च करतो. तिसऱ्या भागात बासच्या गीतात एकच ट्रम्पेट, आणि अखेरच्या समूहगानाला पुन्हा सगळे. हा हिशेब नाटककाराचा आहे. बीचम-गूसन्स यांच्या मांडणीत पितळी वाद्ये आधीपासूनच कामाला लागलेली असतात, त्यामुळे 'हालेलुया'ला आणखी वर चढायला जागा उरत नाही. तिथे झांजा वाजवाव्या लागतात त्या यामुळे. त्या ऐकायला मजा येते हे कबूल. पण जे हॅन्डेलने दोन ट्रम्पेट आणि दोन नगाऱ्यांत साधले होते, त्यासाठी इथे अर्धा डझन वाद्ये लागली.

हा आक्षेप हॅन्डेलच्या कसबावर उभा आहे, इतिहासावर नाही. तो मान्य करायला जुनी वाद्ये किंवा १७५४ ची यादी लागत नाही.

मिळालेलेही कमी नाही. बीचम यांचा खरा गुण वाद्यांच्या संख्येत कधीच नव्हता, तो वाक्याला वळण देण्यात होता. सूर कुठे भरायचा, कुठे सोडायचा, गायकाला श्वासाएवढी जागा कुठे द्यायची, हे त्यांच्याइतके सहज फार थोड्यांना जमले. झांजा काही मिनिटांपुरत्या आहेत, हे ध्वनिमुद्रण अडीच तासांहून मोठे आहे. निंदक आणि भक्त दोघेही त्या काही मिनिटांवर बोलतात. उरलेल्या वेळात, विशेषतः एकल गीतांमध्ये, तंतुवाद्ये गायकाच्या आवाजाभोवती ज्या मऊपणे सरकतात, ते ऐकणाऱ्याला गूसन्सची आठवणही राहत नाही.

गायकांवरचे मतभेद अधिक मनोरंजक आहेत, कारण तिथे श्रोत्यांचे पक्ष बदलतात. वाद्यमेळाला नाक मुरडणारे व्हिकर्सवर फिदा असतात, आणि भव्यतेचे चाहते त्याच्यावर नाराज. जॉन व्हिकर्स हा कॅनडाचा टेनर, भल्यामोठ्या पल्लेदार आवाजाचा. १९५८ मध्ये तो बायरॉइटला वाग्नरचा सीगमुंड गायला होता आणि त्याच वर्षी लंडनला हॅन्डेलचा 'सॅमसन'ही. 'मसाया'त प्रास्ताविक वाद्यसंगीतानंतर पहिला मानवी आवाज टेनरचाच असतो, सांत्वनाचे शब्द घेऊन येणारा. इंग्रजी परंपरेत ते गोड, नाजूक आवाजात गायचा रिवाज. व्हिकर्स ते एखाद्या संदेष्ट्यासारखा गातो: संथ, जवळजवळ कुजबुजत, आणि मग अचानक आवाजाचे पूर्ण वजन टाकून. आक्षेप असा की पुढच्या गीतातल्या जलद तानांना हा आवाज जड पडतो आणि शब्दांची नाट्यमयता ऑपेराची वाटते. पहिले खरे आहे. तानांत त्याला कष्ट पडतात, ते ऐकू येतात. दुसरे मला पटत नाही. हॅन्डेल पस्तीसेक वर्षे ऑपेरे लिहून ऑरेटोरिओकडे वळला होता, 'मसाया'च्या पहिल्या अल्टो सुझाना सिबर या तर रंगभूमीवरच्या नटी होत्या. व्हिकर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पुढे १९७० च्या दशकात त्याने धर्मभावनेला न पटल्याने 'टानहॉयझर'ची भूमिका सोडली. तो हे शब्द उच्चारतो तेव्हा ते मानून उच्चारतो, आणि तसे उच्चारणारा टेनर दुर्मीळ आहे.

जॉर्जो टोझी यांचा बास गडद आणि सुरेख आहे, पण जलद गीतांत धार कमी. जेनिफर व्हिव्हियन यांच्याबद्दल सहसा कुणी भांडत नाही, आणि हेच त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. संगीतकार ब्रिटनच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या ऑपेरातली पहिली गव्हर्नेस त्यांनीच गायली. इथे त्या स्वच्छ, सावध, कुठलाही बडेजाव नसलेले सोप्रानो गातात, आणि भोवतीच्या एवढ्या सोहळ्यात त्या जणू दुसऱ्याच, पुढे येणाऱ्या काळातल्या ध्वनिमुद्रणातून आल्यासारख्या वाटतात. मोनिका सिंक्लेअर यांचा कॉन्ट्राल्टो ज्यांना जुना इंग्रजी भारदस्तपणा आवडतो त्यांना आवडतो, इतरांना नाही.

एक आक्षेप मात्र दोन्ही पक्षांनी मनावर घ्यायला हवा होता आणि घेतला नाही. तो काटछाटीचा. व्हिक्टोरियन काळापासून दुसऱ्या-तिसऱ्या भागांतली काही गीते वगळण्याची सवय इंग्लंडला होती. बीचम यांनीही काही भाग मुख्य ओघातून काढले आणि तबकड्यांच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडले. म्हणजे ते गायले, वाजवले, ध्वनिमुद्रित केले, पण जागेवर ठेवले नाहीत. त्या संचात चार तबकड्या होत्या, जागेची अडचण म्हणावी तर तीही नव्हती. जेनन्सने वचनांची जी साखळी रचली तिच्यात युक्तिवाद आहे: भाकीत, पूर्ती, नकार, विजय. मधल्या कड्या काढल्या की 'मसाया' आवडत्या गाण्यांचा संग्रह होतो. झांजांनी हॅन्डेलच्या अंगावर दागिने चढवले असतील, काटछाटीने त्याचे बोलणे अर्धवट तोडले. पण तिच्याविरुद्ध आवाज क्वचितच चढतो, कारण वगळलेले डोळ्यांत भरत नाही.

बीचम ८ मार्च १९६१ रोजी वारले. त्यांच्या 'मसाया'कडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर पाच-सहा वर्षांत बदलली. खरे तर तयारी आधीच सुरू होती. डॅनिश अभ्यासक येन्स पीटर लार्सन यांचे 'मसाया'च्या हस्तलिखितांवरचे पुस्तक १९५७ मध्ये आले होते. विंटन डीन यांचा हॅन्डेलच्या नाट्यमय ऑरेटोरिओंवरचा ग्रंथ नेमका १९५९ मध्ये आला. हर्मान शेर्खेनने तर १९५० च्या दशकात लहान वाद्यवृंद घेऊन, लयी टोकाच्या ठेवून, ऐकणाऱ्यांना बुचकळ्यात टाकलेच होते. पण निर्णायक ठरली ती १९६६-६७ मधली दोन ध्वनिमुद्रणे, कॉलिन डेव्हिस यांचे फिलिप्ससाठी आणि चार्ल्स मॅकेरास यांचे ईएमआयसाठी. दोन्हींत समूह लहान, लय हलकी, गायकांच्या हरकती-मुरक्या परत आलेल्या. मॅकेरास यांच्याकडे अल्टोच्या काही जागा काउंटरटेनरला दिल्या होत्या आणि जॅनेट बेकर होत्या. त्यांच्या शेजारी ठेवल्यावर बीचम एकदम आजोबांच्या पिढीचे वाटू लागले. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, ऑटो क्लेम्परर यांचा 'मसाया' ध्वनिमुद्रित झाला होता. तोही संथ आणि जड, पण त्याच्यावर कुणी चिडत नाही. तो गंभीर आहे म्हणून. बीचम यांचा अपराध मोठेपणाचा जितका, तितकाच तो आनंदी असण्याचा आहे, अशी मला शंका येते.

१९८० मध्ये ख्रिस्तोफर हॉगवुड यांचे ध्वनिमुद्रण आले आणि प्रश्नच पालटला. फाउंडलिंगची १७५४ ची प्रत, अ‍ॅकॅडमी ऑफ एन्शंट म्यूझिकची जुन्या घडणीची वाद्ये, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चची मुले, पट्टी आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने उतरलेली, आणि एमा कर्कबींचा तो थरथर नसलेला आवाज. यानंतर गार्डिनर, पिनॉक, मॅक्रीश, २००६ मध्ये डब्लिनच्या प्रतीवर जॉन बट असे करत करत ही पद्धत रूढ झाली. आज नव्या श्रोत्याचा पहिला 'मसाया' बहुधा याच वळणाचा असतो. मग योगायोगाने बीचम कानावर पडले की त्याची प्रतिक्रिया आधी हसण्याची आणि मग, पुष्कळदा, पूर्ण ऐकून टाकण्याची होते. ज्यांच्या घरी हीच तबकडी नाताळात वाजत असे त्यांची प्रतिक्रिया उलट: त्यांना हॉगवुड पहिल्यांदा अशक्त वाटतो. दोघेही आपापल्या पहिल्या प्रेमाला 'खरा मसाया' म्हणतात.

या भांडणात बीचम यांच्या समर्थकांना अनपेक्षित आधार मिळाला तो अमेरिकी संगीतविद्वान रिचर्ड टारुस्किन यांच्याकडून. 'अस्सल' म्हणून पुढे केली जाणारी जलद, हलकी, कोरडी शैली ही अठराव्या शतकापेक्षा विसाव्या शतकाच्या आवडीचे अपत्य आहे, असे टारुस्किन यांनी १९८० च्या दशकापासून ठासून मांडले. त्यांचे लेख १९९५ मध्ये पुस्तकरूपाने आले. युक्तिवाद बिनतोड आहे, पण बीचम यांचे चाहते त्याचा वापर ढालीसारखा करतात: सगळेच काल्पनिक, तर मग झांजाही चालतील. टारुस्किन यांनी निवडीची जबाबदारी पुराव्यावरून काढून वादकावर टाकली, तिच्यातून कुणालाही मोकळे केले नाही. निवड तुमची असेल तर ती चांगली की वाईट हेही तुम्हालाच सांगावे लागेल, आणि पितळी वाद्ये लवकर खर्च करणे ही वाईट निवड होती.

या वादात ज्यांचा आवाज क्वचित ऐकू येतो ते म्हणजे स्वतः गाणारे. 'मसाया' हा फक्त ऐकण्याचा प्रकार कधीच नव्हता. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये गायकसमूह स्थापन केला, त्याआधीपासून आणि त्यानंतरही इथल्या व गोव्यातल्या चर्चमध्ये नाताळ-ईस्टरला 'हालेलुया' हौशी गळ्यांनी गायला जातो. हाताशी बहुतेक वेळा एक ऑर्गन किंवा पियानो असतो. तिथे ना ट्रम्पेट असतात ना झांजा, आणि समूहगान तरीही उभे राहते. चार ओळींच्या विणीतच एवढी ताकद आहे की कुणी काही घातले वा काढले तरी ती कोसळत नाही. बीचम यांची मांडणी टिकून राहिली त्याचे श्रेयही अखेर या विणीला आहे.

भव्य 'मसाया' संपला असे समजणाऱ्यांना २०१६ मध्ये उत्तर मिळाले. अँड्र्यू डेव्हिस यांनी स्वतःची नवी मांडणी टोरोंटो सिम्फनीकडून वाजवून घेतली आणि चँडोसने ती प्रसिद्ध केली. तीत तालवाद्यांची लयलूट आहे. गूसन्सपेक्षा ती चतुर आहे, पुष्कळ ठिकाणी विनोदी आहे, आणि मला ती बीचमइतकी भावत नाही. तिच्यात डोळा मारणे आहे. बीचम यांनी झांजा वाजवल्या त्या मनापासून.

तेव्हा नव्या श्रोत्याला सल्ला असा. आधी मॅकेरास यांचे १९६६-६७ चे ध्वनिमुद्रण किंवा जॉन बट यांचे २००६ चे, पूर्ण, क्रमाने ऐका. ट्रम्पेट कुठे येतात आणि कुठे गप्प राहतात याकडे लक्ष ठेवा. मग बीचम यांचे लावा, पण 'हालेलुया'पासून सुरुवात करू नका. व्हिकर्सच्या पहिल्या दोन गीतांपासून करा, आणि परिशिष्टातले भाग मध्ये जागच्या जागी घालून ऐका, आजच्या यंत्रांवर ते सहज जमते. घरात एकच 'मसाया' ठेवायचा असेल तर तो बीचम यांचा नसावा. दोन ठेवायचे असतील तर दुसरा तोच असावा.